लांबची आधी

आमच्या मंडळाचा खेळ सुरू होण्याआधी एक चेंडू जमिनीवर ठेवतात आणि तो कोणीच मारत नाही.

लहानपणी मला वाटायचं, गोल्फ सगळीकडे असाच खेळतात. चैत्रात धरणाचं फुगवट्याचं पाणी मागे सरकलं की तळाची जमीन उघडी पडायची, आणि रविवारी पहाटे आई मला उठवून सोबत घेऊन जायची. मी भेगाळलेल्या गाळावर चटई टाकून बसायचे. बायका ओळीने उभ्या राहायच्या. पदर कमरेला खोचलेले, पायात कॅनव्हासचे बूट, हातात दांडे. क्लब हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही, दांडाच म्हणतात. मग मंडळातली सगळ्यात मोठी बाई, जिला सगळ्या जिजी म्हणत, वाकून एक चेंडू ठेवायची आणि मागे सरायची.

त्यानंतर कोणी बोलत नसे. सगळ्या पाण्याकडे बघत उभ्या राहायच्या. टिटवी ओरडायची, वारा कानावरून जायचा. थोड्या वेळाने जिजी म्हणायची, "झायं." म्हणजे झालं. तो चेंडू उचलून ती कनवटीला लावायची आणि मग खेळ सुरू व्हायचा.

प्राथमिक शाळेत असताना एका रविवारी त्या शांततेत मला फटक्याचा आवाज ऐकू आला. टक्. दांडा चेंडूला नीट लागला की होतो तसा, कोरडा आणि लहान. तो लांबून, पाण्याच्या कडेकडून आला. तिकडे कोणी नव्हतं. इकडे सगळ्यांचे दांडे जमिनीला टेकलेले होते. मी आईकडे पाहिलं. ती जांभई दाबत होती. मग जिजीकडे पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती.

"झायं," ती म्हणाली.

मी हे घरी सांगितलं नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात अहिराणी, आणि मराठी पुस्तकातली. कुठलीही गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची हे ठरेपर्यंत सांगायची वेळ निघून जायची, आणि पुढे मला त्याचीच सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. मंडळाचा इतिहास कोणी लिहायचा यावर आमच्या शहाद्याच्या घरी, चहाच्या वेळी, बरीच टोलवाटोलवी झाली. शेवटी सारंगखेड्याच्या वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. त्यांच्या घरी घोडे आहेत, आणि त्या चेंडूही असा मारतात की जणू तो अडून बसला आहे.

"ही पोर लिही," त्या म्हणाल्या. "हिन्या तोंडमाईन शब्द निंघत नही, म्हंजे पोटमा बराच साठेल व्हतीन."

सगळ्या हसल्या. आई म्हणाली, "साठेल शे का नही, माले बी कधी समजनं नही." मी कप उचलून आत गेले. पण काम माझ्याकडेच आलं.

सुरुवातीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. धरणाच्या वसाहतीत एक इंजिनिअर बदलून आले होते. त्यांच्या बायकोला लोक साहेबीणबाई म्हणत. त्या छावणीत वाढलेल्या, वडील सैन्यात, गोल्फ लहानपणापासून हातात बसलेला. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी खिडकीतून पाणी उतरताना पाहिलं. मागे एवढी सपाट, मोकळी जमीन राहिली की त्यांनी पलंगाखालची दांड्यांची पिशवी बाहेर काढली. आधी एकट्याच खेळत. मग रोज सकाळी त्याच तळावरून एकटीच चालत जाणारी एक तरुण सून त्यांना दिसू लागली. तिला खेळ बघायचा असावा असं समजून त्यांनी एक दिवस तिच्या हातात दांडा दिला. ती जिजी.

हळूहळू बायका वाढल्या. वनस्पती तुपाचे रिकामे डबे जमिनीत पुरून भोकं केली. हिरवळ कुठून आणणार, म्हणून भोकाभोवती वाळूत ट्रॅक्टरचं काळं तेल कालवून ती चोपून सपाट केली. जुन्या साड्यांच्या चिंध्या बांबूला बांधून झेंडे झाले. दर पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जायचं आणि दर उन्हाळ्यात नव्याने करायचं. हौशी म्हणजे काय, असं कोणी विचारलं की आई म्हणते, ज्यांचं मैदान दरवर्षी बुडतं आणि तरी ज्या परत येतात त्या.

साहेबीणबाईंनी शिकवलेल्या नियमांपैकी एक असा होता की ज्या बाईचा चेंडू भोकापासून सगळ्यात लांब पडला असेल तिने पुढचा फटका आधी मारायचा. "लांबची आधी," असं त्या म्हणत. आमच्या बायका आपसात अहिराणीच बोलतात, पण हे दोन शब्द आजही साहेबीणबाईंच्याच मराठीत म्हणतात. पुढे इंजिनिअरांची बदली झाली. जाताना बाई पिशवी इथेच ठेवून गेल्या. आता नियम विचारायला कोणी नव्हतं. पहिला फटका कोणी मारायचा हा प्रश्न आला तेव्हा बायकांनी तोच नियम मागे ओढला. जी सगळ्यात लांबून आली ती आधी. त्यामुळे नवापूरच्या डोंगरातून येणाऱ्या सिस्टर पहिल्या. त्या तिकडच्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबातल्या. नर्स होत्या म्हणून सिस्टर. मग सारंगखेड्याच्या वहिनी, मग बाकीच्या. चहासुद्धा त्याच क्रमाने. आमच्या घरच्या लग्नातही पाहुण्यांना पाणी द्यायची वेळ आली की आई दारातच विचारते, लांबची कोण?

मग एका उन्हाळ्यात जिजी म्हणाली, सिस्टरपेक्षाही लांबची एक आहे. तिचा चेंडू आधी ठेवायचा.

कोण, असं कोणी विचारलं नाही. सगळ्या धरून चालल्या की ती साहेबीणबाईंबद्दल बोलते आहे. त्या तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांची आठवण म्हणून एक चेंडू, थोडी शांतता. रीत छान होती. मीही माझ्या पहिल्या मसुद्यात तसंच लिहिलं. 'संस्थापिकेच्या स्मरणार्थ' असे शब्द होते.

इतिहासात लिहिण्यासारखा एकच सामना झाला आहे. एका मोठ्या शहरातल्या क्लबच्या बायका मैत्रीपूर्ण सामन्याला आल्या. टोप्या, हातमोजे, चाकांच्या पिशव्या. आमच्या साड्या बघून त्या गोड हसल्या. त्यांची कप्तान पाहुणी म्हणून पहिल्या फटक्याचा मान तिला मिळाला. जिजीने चेंडू ठेवला आणि सगळ्या गप्प झाल्या. कप्तानीण बाईंना वाटलं आपलीच वाट बघत आहेत. त्यांनी पुढे होऊन स्वतःचा चेंडू ठेवला आणि मारला. फटका सुरेख होता. चेंडू कुठे पडला, कुठवर घरंगळला, सगळ्यांनी पाहिलं. तिथे गेलो तर नव्हता. सपाट, कोरडा गाळ. झुडूप नाही, बीळ नाही. त्यांनी दुसरा मारला. तोही तसाच गेला.

"ससाणा उचलत असेल," कप्तानीण बाई आकाशाकडे बघत म्हणाल्या.

"हां, आमन्याकडला ससाना लई हुशार," वहिनी म्हणाल्या. "फक्त पाव्हन्यासना चेंडू उचलतस."

तिसऱ्या वेळी बाई न सांगता थांबल्या. जिजीने "झायं" म्हटल्यावरच त्यांनी दांडा उचलला. तो चेंडू सापडला. आई ही गोष्ट हसत सांगते. मी तेव्हा चटईवर बसले होते, आणि पहिल्या दोन फटक्यांनंतर लांबवर लहान पावलांनी कोणी धावल्यासारखे गाळाचे पापुद्रे मोडताना मी ऐकले होते. ते मी स्मरणिकेत लिहिलेलं नाही.

यंदा फाल्गुनात कळलं की हा शेवटचा उन्हाळा. पुढच्या वर्षीपासून धरणाचं पाणी उतरू देणार नाहीत, बाराही महिने एका पातळीला राखणार. मैदान आता बाहेर येणार नव्हतं. बायका हळहळल्या, पण फार नाही. वहिनींच्या भावाची लोणखेड्याला पडीक जमीन होती. ती शहाद्याला लागून, सगळ्यांना सोयीची. तिथे भोकं कायमची राहतील, दरवर्षी डबे पुरायला नकोत. ठराव हां हां म्हणता झाला. फक्त जिजीने हात वर केला नाही. घरी जाताना तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "उद्या ये. तुन्हा इतिहास चुकेल शे."

जिजी आता शहाद्याला आमच्याच गल्लीत राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर ती ओट्यावर बसून चेंडू धूत होती. तोच चेंडू. त्याचा पांढरा रंग कधीच गेला आहे, जुन्या दातासारखा दिसतो. तिने जे सांगितलं ते अहिराणीत सांगितलं. मी ते माझ्या मराठीत लिहिते आहे.

आमच्या शेवटच्या भोकांच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला, गाळातून काही घरांची जोती वर येतात हे मला माहीत होतं. ते जिजीचं माहेरचं गाव. ती लहान मुलगी असताना ते धरणात गेलं. गाव उठायचं त्याच उन्हाळ्यात तिच्या आईला मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत. घराच्या मागच्या भिंतीला लागून पुरलं. मग निघायचा दिवस आला. बैलगाड्या भरल्या. तिच्या आईने उंबऱ्यावर उभं राहून घरातल्या सगळ्या गेलेल्यांना हाका मारल्या. सासऱ्याला, सासूला, तरुणपणी गेलेल्या दिराला, एवढंच काय, म्हाताऱ्या बैलालासुद्धा. एकेकाचं नाव घ्यायची आणि म्हणायची, चला, आपल्याला जायचं आहे. तशी त्यांच्यात रीत होती. हाक मारली नाही तर मागे राहतात.

"शेवटी मायनी भिंतकडे पाहं," जिजी म्हणाली. ती चेंडू पदराला पुसत राहिली. "तोंड उघाडं. पन नावच नव्हतं ना. तिनं नावच ठेवेल नव्हतं. काय म्हनीसन हाक मारी?"

गाडी निघाली. धाकटी राहिली.

पुढे लग्न होऊन जिजी त्याच पाण्याच्या काठच्या गावात आली. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती जोत्यापाशी जायची. सासरी लोक विचारायचे, तिथे काय ठेवलं आहे? एक दिवस साहेबीणबाईंनी दांडा हातात दिला, आणि जिजीच्या लक्षात आलं की हातात दांडा असला की कुठे जातेस असं कोणी विचारत नाही.

"म्हणजे तो चेंडू साहेबीणबाईंचा नाही," मी म्हणाले.

"ती बाई रेल्वेमा बठीसन गयी. ती कसानी लांबनी?" जिजी म्हणाली.

तिला एकच गोष्ट हवी होती. पाणी कायमचं चढण्याआधी धाकटीला तिथून आणायचं. आईला जमलं नव्हतं. आता तिने हाक मारली नाही तर पुढे मारायला जागाच उरणार नव्हती. आणि ती आली की नाही हे कळायला हवं होतं. इथे ती माझ्याकडे वळली.

"माले दोन वरीसपासून ऐकू येत नही," ती म्हणाली. "तो आवाज. बाकीनं येस, तो नही. मी तुन्हा तोंडकडे देखस आनि मंग झायं म्हनस."

म्हणून दोन वर्षं ती दर रविवारी आईला माझ्याबद्दल विचारायची. पोर येणार ना? मला वाटायचं, मायेने विचारते.

"तुला कसं माहीत की मला येतो?" मी विचारलं.

"तू धाकली व्हतीस तवय मान फिरावेल व्हती. दुसऱ्या कोनीच फिरावेल नव्हती." ती चेंडू उन्हात ठेवत म्हणाली. "माले बरं वाटनं. मी येडी नही असं वाटनं."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणाला एवढं कळलेलं मी पाहिलं नव्हतं. मला उठून जावंसं वाटलं आणि मी बसून राहिले.

शेवटच्या रविवारी खेळ झाल्यावर जिजीने दांडा खाली ठेवला आणि बायकांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, कोणी हसेल किंवा घाबरेल. कोणी फारसं दचकलंही नाही. सिस्टर म्हणाल्या, "जिजी, मग आज नाव ठेवू ना. आमच्यात पाणी लावलं की झालं."

"पानी त तिले लई लागेल शे," वहिनी बोलून गेल्या, आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

जिजी हसली. खरंच हसली, खांदे हलेपर्यंत. मग म्हणाली, "आते नाव ठेवसूत त तिले कसं समजी, का हाई मन्हं नाव शे?"

बायका तिथेच थांबल्या. जिजी आणि मी जोत्याकडे निघालो. ऊन चढत होतं. गाळ वाळून त्याचे पापुद्रे कडांना वर वळले होते, पायाखाली पापडासारखे मोडत. शिंपल्या, एका विहिरीचा गाळाने भरलेला कठडा, उलटं पडलेलं जात्याचं पाळं. जिजीच्या घराचं जोतं गुडघ्याएवढं उरलं होतं. उंबऱ्याचा दगड जागेवर होता. मागच्या भिंतीची नुसती रेघ. त्या रेघेपलीकडे दोन हातांवर पाणी, आणि ते अजिबात हलत नव्हतं. वारा होता, माझी ओढणी उडत होती, पण पाणी हलत नव्हतं.

जिजी उंबऱ्यावर चढली. मी तिचं कोपर धरलं. तिने तोंड उघडलं आणि तिचा आवाज निघाला नाही. मला वाटलं, तिच्या आईचं असंच झालं असेल. जिजी चेंडू हातात फिरवत राहिली. मग एकदम तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. घरातली हरवलेली वस्तू डोळ्यांसमोरच सापडावी तसं. इतकी वर्षं दर रविवारी इथे एकच हाक ऐकू येत होती. इतक्या बायका, सगळ्या मिळून, एकीलाच बोलवत होत्या.

"चाल वं, लांबची," जिजी म्हणाली. मोठ्याने नाही. अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तसं. "चाल. पानी उनं, आपले जानं शे."

काही झालं नाही. जिजी उंबऱ्यावरून उतरली, माझा हात धरला आणि म्हणाली, "मांगे देखू नको."

आम्ही चालू लागलो. पापुद्रे मोडत होते. तिच्या पायाखालचे, माझ्या पायाखालचे. मधेच जिजीचा श्वास लागला म्हणून आम्ही थांबलो. आमच्या मागे ते मोडणं लगेच थांबलं नाही. आणखी दोन-तीनदा आवाज झाला, आणि मग थांबला. उन्हाने गाळ आपोआपही तडकतो. दुपारी काठावर उभं राहिलं की सगळा तळ तडकताना ऐकू येतो. मी मागे बघितलं नाही.

परतताना गाडीत आई पुढे बसली. मागे जिजी, मी आणि आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या सिस्टर. सिस्टर दाराकडे सरकल्या आणि मधे थोडी जागा ठेवली. त्या जागेवर कोणी पर्ससुद्धा ठेवली नाही. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर गाडी आली तशी जिजीने काच खाली केली आणि तापीत नाणं टाकलं. मग थोडं थांबून आणखी एक.

लोणखेड्याची जमीन काळी. बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्या रचलेल्या, पलीकडे ऊस, त्यापलीकडे कॉलेजची इमारत आणि उभ्या मोटारसायकली. इतकी साधी, उजेडाची जागा. नव्या मैदानाच्या पहिल्या रविवारी वहिनींनी नारळ आणला होता. पण तो फोडण्याआधी जिजीने चेंडू ठेवला. सगळ्या गप्प झाल्या. जिजीने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी ऐकत राहिले. उसातून वारा, रस्त्यावर एक ट्रॅक्टर, कुठेतरी देवळातलं स्पीकरवरचं भजन. बाकी काही नाही. जिजीचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मला माहीत होतं, मी मान हलवली असती तर ती "झायं" म्हणाली असती आणि सगळं सुरळीत झालं असतं. तिला बरं वाटावं असं मला फार वाटत होतं. पण तिने मला त्यासाठी बोलावलं नव्हतं.

"अजून नाही," मी म्हणाले.

माझा आवाज सगळ्यांनी ऐकला. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जिजीचा चेहरा उतरला. ती उभ्या उभ्या लहान दिसायला लागली.

आता नारळ फोडायचा का, असं कोणीतरी पुटपुटलं. पहिला फटका सिस्टरांचा होता. त्यांनी दांडा खाली ठेवला आणि जमिनीवर बसल्या, गुडघे हातांनी धरून.

"येत असेल," त्या म्हणाल्या. "मी नवापूरहून बसने येते तरी माझा जीव जातो. ती तर पायी."

"हां," वहिनी म्हणाल्या. "पाय बी धाकला शेतस तिना. बठा वं समद्या."

बायका एकेक करून बसल्या. त्या रविवारी कोणी खेळलं नाही. थर्मासातला चहा काढला, पहिला कप भरून चेंडूशेजारी ठेवला, आणि ऊन असह्य झाल्यावर सगळ्या घरी गेल्या. चेंडू जिजीने उचलला नाही. पुढच्या रविवारीही तसंच झालं. वहिनींच्या भावाने विचारलं म्हणे, की या बायका माझ्या शेतात येऊन नुसत्या बसतात का? वहिनींनी सांगितलं, जमिनीची सवय करतो आहोत.

त्या आठवड्यांत मी मसुदा दुरुस्त केला. 'संस्थापिकेच्या स्मरणार्थ' हे शब्द काढले. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना. जिजीला विचारलं तर म्हणाली, "लिही का आम्ही वाट देखतस." मी तेवढंच लिहिलं. वाचणाऱ्यांना ते गोल्फबद्दल वाटेल.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा चेंडू होता त्याच जागी होता. काळ्या मातीवर, पडीक जमिनीत, दिवसरात्र पडून असलेला. पण त्याच्या एका बाजूला पिवळसर गाळ लागला होता, आणि तो ओला होता. लोणखेड्याला तसली माती नाही. जिजीने तो पाहिला. तिने चेंडूला हात लावला नाही. फक्त मागे सरली. सगळ्या गप्प झाल्या. जिजीने माझ्याकडे पाहिलं.

मी लांबवर कान लावला होता. रस्त्याकडे, उसाकडे, नदी ज्या दिशेला आहे तिकडे.

टक्.

तो लांबून आला नाही. माझ्या पाठीमागून आला. मी हात मागे केला असता तर लागला असता, एवढ्या जवळून. आणि त्यानंतर माझ्या ओढणीचं टोक खाली ओढलं गेलं. वाऱ्याने उडतं तसं नाही. गर्दीत हरवू नये म्हणून लहान मूल धरतं, तसं.

मी मागे बघितलं नाही.

"झालं," मी जिजीला सांगितलं.

जिजी मटकन खाली बसली आणि दोन्ही हात जमिनीला टेकून तशीच राहिली. आई तिच्याकडे धावली. सिस्टरांनी डोळे पुसले, मग उठून आपला चेंडू ठेवला, कारण आता सगळ्यात लांबून आलेल्या त्याच होत्या. वहिनी नारळ शोधू लागल्या. मी उभी राहिले, न हलता. ओढणीला अजून वजन होतं.